गुणपत्रिका कच्ची, सीईटी पक्की : मग कॉलेज कोणते?



निकालाचे दिवस आले की आपल्या वस्त्यांतून एक प्रश्न हमखास विचारला जातो. मुलाला बारावी सायन्सला पन्नासच्या आतबाहेर टक्के पडलेले असतात. शेजारीपाजारी नाके मुरडून झालेली असतात. मग सीईटीचा निकाल लागतो आणि त्यात त्याच मुलाला नव्वदच्या वर पर्सेंटाईल असते. घरात कोणाला काही उमगत नाही. वडील म्हणतात, "पन्नास टक्केवाल्याला इंजिनिअरिंगला कोण उभे करणार? आयटीआयला घाला." मामा म्हणतो, "नव्वदच्या वर आहेत, सरळ व्हीजेटीआयला जा." दोघांचीही मुलावर माया आहे, परंतु दोघेही अंदाजाने बोलत आहेत. आणि मुलाच्या आयुष्याची चार वर्षे अंदाजावर सोडणे आपल्यासारख्या हातावर पोट असलेल्या कुटुंबांना परवडणारे नाही.

अशा मुलाने भीतीपोटी खाली उतरू नये आणि नावाला भुलून वर उडी मारू नये. कोणते दार परीक्षेच्या गुणांवर उघडते, कोणत्या दाराला बारावीच्या गुणांचा उंबरठा आहे आणि कोठे बारावीच्या गुणांवरच सगळे चालते, हे आधी कागदावर मांडावे. मग गेल्या वर्षीच्या आकड्यांवरून आपली यादी करावी. एवढे केले तरी निम्मी लढाई जिंकली.

पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हेत

प्रथम हा गैरसमज दूर केला पाहिजे. पीसीएम गटाची एमएचटी-सीईटी २०० गुणांची असते. त्यात गणिताला १०० आणि भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राला प्रत्येकी ५० गुण असतात. उत्तर चुकले तर गुण कापले जात नाहीत. सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीच्या आणि ८० टक्के बारावीच्या अभ्यासक्रमावर असतात. परीक्षा अनेक दिवस, अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असतो. त्यामुळे गुणांऐवजी पर्सेंटाईल दिले जाते.

९० पर्सेंटाईल याचा अर्थ १०० पैकी ९० गुण असा नाही. १०० मुलांपैकी साधारण ९० मुले आपल्या बरोबरीला किंवा मागे आहेत आणि १० पुढे आहेत, असा त्याचा अर्थ. समजा ४ लाख मुले परीक्षेला बसली, तर ९० पर्सेंटाईलवाल्याच्या पुढे सुमारे ४० हजार मुले असतात. ९५ वाल्याच्या पुढे २० हजार, तर ९९ वाल्याच्या पुढे ४ हजार. म्हणजे ९० आणि ९९ यांत दिसायला नऊचा फरक आहे, प्रत्यक्षात तो ३६ हजार मुलांचा आहे. म्हणून "नव्वदच्या वर आहेत" एवढ्यावर पेढे वाटू नयेत आणि "नव्व्याण्णव नाहीत" म्हणून कपाळाला हातही लावू नये. प्रवेशाच्या वेळी जो राज्य गुणवत्ता क्रमांक मिळतो, तो खरा. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

दार पहिले : जेथे बारावीचा फक्त उंबरठा आहे

महाराष्ट्रातील इंजिनिअरिंगचे प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून होतात. तिलाच सगळे 'कॅप' म्हणतात. येथे गुणवत्ता यादी सीईटीच्या पर्सेंटाईलवर लागते. बारावीचे गुण पाहिले जातात ते मुख्यतः पात्रतेसाठी. पात्रता आहे ती विषयांच्या एकत्रित गुणांत खुल्या वर्गाला ४५ टक्के आणि महाराष्ट्रातील मागासवर्गीय विद्यार्थ्यांना ४० टक्के. उंबरठा ओलांडला की ४१ टक्केवाला आणि ८५ टक्केवाला दोघे एकाच रांगेत, आणि रांगेतला क्रमांक सीईटीने ठरलेला.

परंतु उंबरठा नीट मोजून घ्यावा. बारावीला पास व्हायला प्रत्येक विषयात ३५ गुण लागतात. तिन्ही विषयांत काठावर पास झालेल्या मुलाचे ३०० पैकी १०५ गुण होतात, आणि ४० टक्के म्हणजे १२० गुण. म्हणजे मुलगा बारावी पास आहे, सीईटी उत्तम आहे, तरीही १५ गुणांनी इंजिनिअरिंगला अपात्र! पास होणे आणि पात्र होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रत्येक आईवडिलांनी लक्षात ठेवावे.

या हिशेबात इंग्रजी आणि मराठीचे गुण धरत नाहीत. भौतिकशास्त्र व गणित हे दोन विषय सक्तीचे आणि तिसरा विषय रसायनशास्त्र, जीवशास्त्र, माहिती तंत्रज्ञान, संगणकशास्त्र किंवा नियमात दिलेला एखादा तांत्रिक विषय. एखाद्या मुलीला रसायनशास्त्रात ३६ आणि माहिती तंत्रज्ञानात ७८ गुण असतील, तर हिशेब कसा बदलतो ते तुम्हीच करून पाहा. म्हणून गुणपत्रिकेवरची एकूण टक्केवारी पाहून "होणार नाही" असे म्हणू नये.

थोडक्या गुणांनी अडले असेल तर गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि त्यानंतर पुनर्मूल्यांकन हा मार्ग आहे. छायाप्रत घेतल्याशिवाय पुनर्मूल्यांकन होत नाही, आणि या अर्जांची मुदत निकालानंतर थोडेच दिवस असते. तेही जमले नाही, तर पुरवणी परीक्षा आणि श्रेणीसुधार योजना आहे. कनिष्ठ महाविद्यालयाच्या कार्यालयात जाऊन त्याच आठवड्यात चौकशी करावी.

वैद्यकीयचेही असेच आहे. नीटच्या क्रमांकावर प्रवेश होतो, परंतु बारावीला भौतिक, रसायन व जीवशास्त्र मिळून खुल्या वर्गाला ५० टक्के आणि अनुसूचित जातीला ४० टक्के लागतात. शिवाय इंग्रजीत पास असावे लागते. पाच वर्षांच्या कायदा अभ्यासक्रमालाही सीईटी आहे आणि अनुसूचित जातीसाठी बारावीला ४० टक्क्यांची अट आहे. वकिलीचे दार आपल्याकडे फार थोडी मुले ठोठावतात, म्हणून मुद्दाम सांगितले.

दार दुसरे : जेथे उंबरठा उंच आहे

आयआयटी आणि एनआयटी येथे गडबड होते. जेईई परीक्षेला कोणीही बारावीचा विद्यार्थी बसू शकतो, चांगले गुणही मिळवू शकतो. परंतु पवईची आयआयटी किंवा नागपूरचे व्हीएनआयटी यांत प्रत्यक्ष प्रवेशाच्या वेळी बारावीला ७५ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीला ६५ टक्के गुण लागतात. नाहीतर आपल्या प्रवर्गात, आपल्या परीक्षा मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाईलमध्ये असावे लागते. आणि येथे भाषेसह पाच विषयांची टक्केवारी धरतात. म्हणजे इंग्रजीचा पेपर ज्याने हसण्यावारी नेला, त्याला तो येथे रडवतो.

मुलगा ५८ टक्क्यांवर असेल तर आधी त्या २० पर्सेंटाईलचा आपल्या मंडळाचा आकडा तपासावा. त्यातही बसत नसेल तर यंदाच्या यादीतून हे नाव काढावे आणि राज्याच्या कॅपकडे पूर्ण लक्ष द्यावे. "बघू, काहीतरी होईल" म्हणून दोन महिने घालवू नयेत. जेईईचे गुण वाया जात नाहीत. राज्यातील विनाअनुदानित खाजगी महाविद्यालयांत काही अखिल भारतीय जागा जेईईवर भरतात. तेथे अर्जात जेईईची नोंद करून ठेवावी.

दार तिसरे : जेथे गुणच बोलतात

अनुदानित महाविद्यालयांतील बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.चे बहुतेक प्रवेश बारावीच्या गुणांवर होतात. औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेची, म्हणजे डी.फार्मची, यादीही बारावीच्या गुणांवर लागते. अशा ठिकाणी सीईटीचे ९५ पर्सेंटाईल दाखवून उपयोग नाही. आपले कमी असलेले नाणे तेथे चालवायला जाऊ नये. मात्र बीबीए, बीसीए या अभ्यासक्रमांना २०२४ पासून राज्यात वेगळी सीईटी सुरू झाली आहे, म्हणजे ज्याची परीक्षेवर हुकमत आहे त्याला तेथे वाव आहे.

दिल्लीचे उदाहरण यासाठी पाहण्यासारखे आहे. २०२१ पर्यंत दिल्ली विद्यापीठातील पदवी प्रवेश बारावीच्या टक्क्यांवर होत आणि काही महाविद्यालयांची यादी १०० टक्क्यांना बंद होई. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी ही परीक्षा आली आणि दिल्लीत बारावीचे गुण मुख्यतः पात्रतेपुरते उरले. कालपर्यंत जे दार गुणांचे होते, ते परीक्षेचे झाले. लखनौच्या बाबासाहेब भीमराव आंबेडकर विद्यापीठातही सीयूईटीवर प्रवेश होतात आणि तेथे निम्म्या जागा अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव आहेत. ज्या मुलाला वाचनाची, समाजशास्त्राची, अर्थशास्त्राची आवड आहे, परंतु बारावीने दगा दिला आहे, त्याने पुढच्या सीयूईटीचा विचार जरूर करावा. घरापासून लांब पाठवायचे तर खर्चाचा आणि वसतिगृहाचा हिशेब आधी करावा, एवढेच.

कमी गुणांची लाज कशाला?

बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. आजच्या भाषेत ३८ टक्क्यांच्या आत. त्याच विद्यार्थ्याने १९१३ साली कोलंबिया विद्यापीठ गाठले. ही गोष्ट सांगताना आपण पुढचा भाग विसरतो. त्या सहा वर्षांत त्यांनी एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. पूर्ण केले, आणि अभ्यास कधी सोडला नाही. कमी गुण म्हणजे कपाळावरचा शिक्का नव्हे, आणि कमी गुणांना कवटाळून बसणे हेही शहाणपण नव्हे.

यादी कशी करावी?

सीईटी कक्ष दरवर्षी प्रत्येक कॉलेज, प्रत्येक शाखा आणि प्रत्येक प्रवर्गाचा शेवटचा प्रवेश कोणत्या क्रमांकाला व किती पर्सेंटाईलला झाला याची यादी संकेतस्थळावर ठेवतो. तीच 'कट-ऑफ'. ती वाचायला अवघड वाटते, पण किल्ली सोपी आहे. सुरुवातीचे अक्षर जी असेल तर सर्वसाधारण जागा, एल असेल तर मुलींची. मधे ओपन, एससी असा प्रवर्ग. शेवटी एच म्हणजे आपल्या विद्यापीठाच्या हद्दीतील मुलांसाठी, ओ म्हणजे बाहेरच्यांसाठी आणि एस म्हणजे राज्यस्तरीय. आपल्या मुलीने एलएससी आणि जीएससी हे दोन्ही रकाने पाहावेत, शिवाय एल-ओपन आणि जी-ओपनही पाहावेत.

येथे आणखी एक भीती काढून टाकू. "जात लिहिली तर खुल्या जागेवरचा हक्क जातो" असे काही जण सांगतात. तसे नाही. मागासवर्गीय मुलाचा क्रमांक खुल्या जागेत बसत असेल तर त्याला खुली जागा मिळते, आणि न बसल्यास राखीव जागेसाठी त्याचा विचार होतो. प्रवर्ग लिहिल्याने काही हातचे जात नाही.

आता वहीत तीन रकाने पाडा.

पहिला रकाना, 'हात उंचावून मिळणारी' : गेल्या वर्षीचा शेवटचा आकडा आपल्यापेक्षा थोडा वर होता अशी कॉलेजे. पाच-सहा पुरेत.

दुसरा रकाना, 'आपल्या मापाची' : गेल्या दोन-तीन वर्षांचे आकडे आपल्या आसपास आहेत अशी. ही सर्वांत जास्त असावीत, पंधरा-वीस तरी.

तिसरा रकाना, 'खात्रीची' : आकडा आपल्यापेक्षा बराच खाली असतो आणि तरीही जेथे जायला आपली ना नाही अशी. आठ-दहा.

एकाच वर्षाचा आकडा पाहू नये. पेपर, मुलांची संख्या आणि शाखेची हवा यांनी तो दरवर्षी हलतो. पहिल्या फेरीचा आणि शेवटच्या फेरीचा आकडाही शेजारी शेजारी लिहावा.

आपल्या मुंबईकर मंडळींना व्हीजेटीआय ठाऊक असते, पुणेकरांना सीओईपी. त्यापलीकडे थेट कोपऱ्यावरचे खाजगी कॉलेज. मधली सगळी सरकारी व अनुदानित कॉलेजे कोणाच्या तोंडी नसतात. कराड, अमरावती, छत्रपती संभाजीनगर, जळगाव, चंद्रपूर, यवतमाळ, अवसरी येथील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालये पाहा. कराड आणि छत्रपती संभाजीनगरची १९६० सालची, अमरावतीचे १९६४ चे. नांदेडचे श्री गुरू गोविंदसिंगजी महाविद्यालय, सांगलीचे वालचंद, रायगड जिल्ह्यातील लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ यांचेही आकडे पाहा. मध्यम क्रमांकाच्या मुलाला कॉम्प्युटर शाखा तेथे कदाचित मिळणार नाही, पण सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल यांची वाट असू शकते. नावाजलेल्या सरकारी कॉलेजातील सिव्हिल आणि प्रयोगशाळेला कुलूप लावलेल्या कॉलेजातील कॉम्प्युटर, यांतून मी तरी पहिले निवडेन. शाखेची मुलाला मनापासून नावड असेल तर मात्र जबरदस्ती करू नये.

अर्जात पर्याय भरताना क्रम आवडीचा ठेवावा. संगणक वरून खाली पाहत येतो. वर कठीण कॉलेज लिहिले म्हणून खालचे हुकत नाही. परंतु एक सावधगिरी. २०२५-२६ च्या प्रक्रियेत चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनांपैकी किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी एक मिळाला, तर तोच प्रवेश पक्का धरला गेला. म्हणून जेथे जायचेच नाही ते नाव वरच्या सहांत टाकू नये. प्रत्येक वर्षीची माहिती पुस्तिका प्रसिद्ध झाली की फेऱ्यांचा नियम पुन्हा वाचावा.

पैशाची बाजू

आमच्या ओळखीच्या एका सफाई कामगार कुटुंबाची हकीकत सांगतो. मुलीला बारावीला कमी गुण पडले म्हणून वडील हबकले. एका दलालाने सांगितले, "हिला कॅपमधून काही मिळणार नाही, मॅनेजमेंटची जागा धरून ठेवा." पतपेढीचे कर्ज काढून त्यांनी पैसे भरले. यादी लागल्यावर कळले की तिच्या सीईटीवर त्याच कॉलेजात, त्याच शाखेत तिला कॅपमधून जागा मिळाली असती. त्या जागेवर शिष्यवृत्ती मिळाली असती. मॅनेजमेंटच्या जागेवर ती मिळत नाही. पहिल्या वर्षीचे कर्ज तर डोक्यावर बसलेच, पुढच्या तीन वर्षांची फीही खिशातून आली.

तेव्हा हे ध्यानात ठेवा. व्यावसायिक अभ्यासक्रमाला कॅपमधून प्रवेश घेतला तरच भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती लागू होते. अनुसूचित जातीसाठी तिची उत्पन्न मर्यादा वार्षिक २.५ लाख रुपये आहे. उत्पन्न त्यापेक्षा अधिक असेल तर शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची फ्रीशिप आहे. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा असतो. खाजगी विद्यापीठांची प्रवेशाची रीत वेगळी असते. तेथे पैसे भरण्यापूर्वी शिष्यवृत्ती लागू आहे का, हे समाजकल्याण कार्यालयात विचारावे आणि कॉलेजकडून लेखी घ्यावे.

गाव सोडून शिकायला जाणाऱ्यांसाठी शासकीय वसतिगृह पाहावे. तेथे जागा न मिळाल्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांसाठी तिची रक्कम वर्षाला ६० हजार रुपये ठेवलेली आहे. पण या योजनेला ५० टक्के गुणांची अट आहे. म्हणजे ४४ टक्केवाल्या मुलाला कराडला जागा मिळेल आणि फी माफ होईल, तरी खोलीचे भाडे व जेवण यांचा खर्च घरातून करावा लागू शकतो. कमी गुणांची झळ अशी अनपेक्षित जागी लागते. म्हणून कॉलेजच्या नावापुढे वहीत 'राहणे-जेवण' असा रकाना ठेवावा आणि आकडा लिहिल्याशिवाय पर्याय भरू नये.

गुण का पडले नाहीत?

ही गोष्ट मुलाला रागावून नव्हे, शेजारी बसवून विचारायची आहे. कारण उत्तर पाहून कॉलेज ठरते.

काही मुले दोन वर्षे फक्त क्लासला जातात, कॉलेजात प्रॅक्टिकलला पाय ठेवत नाहीत. त्यांना पर्यायांतून बरोबर उत्तर निवडता येते, पण पानभर उत्तर लिहिता येत नाही. इंजिनिअरिंगच्या परीक्षा पुन्हा लिहिण्याच्याच असतात. अशा मुलाने प्रवेश आणि वर्ग सुरू होणे यांमधल्या दिवसांत रोज एक उत्तर लिहायची सवय लावावी, नाहीतर पहिल्याच सत्रात दोन-तीन केट्या लागतील. वर्ष गेले की शिष्यवृत्तीही अडचणीत येते.

काही मुलांना इंग्रजी मारते. त्यांनी वर्ग मोठा, ओळखदेख शून्य अशा ठिकाणी एकट्याने जाण्यापेक्षा जेथे आपले चार सीनियर आहेत असे कॉलेज बरे. काही मुली घरकाम, लहान भावंडे आणि आईचे आजारपण सांभाळून पेपर देतात. त्यांना घराजवळचे कॉलेज देणे ही सोय वाटते, पण तेच ओझे पुन्हा त्यांच्या डोक्यावर येते. अशा मुलीला वसतिगृहात पाठवणे हाच मोठा आधार ठरू शकतो. काही मुले रात्रपाळी करून शिकतात. त्यांना दोन तास लोकलचा प्रवास असलेले नावाजलेले कॉलेज झेपणार नाही.

एक खरे सांगितले पाहिजे. नोकरी देणाऱ्या काही कंपन्या दहावी, बारावी आणि पदवी या तिन्ही ठिकाणी ६० टक्के मागतात. कमी गुणांची गुणपत्रिका तेथे पुन्हा आडवी येऊ शकते. पण सगळ्याच वाटांवर नाही. राज्यसेवेला पदवी पाहतात. गेटसारख्या परीक्षांत पुन्हा परीक्षेलाच महत्त्व आहे. ज्याचा हात परीक्षेत चालतो, त्याने पदवीचे गुण तेवढे सांभाळावेत.

कागदपत्रे आणि अर्ज

गुणवत्ता यादीत असलेला मुलगा कागदावाचून मागे राहतो, हे दुःख आपण फार पाहिले आहे. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र हे दोन्ही लागतात. वैधता नसेल तर मुलगा खुल्या वर्गात धरला जातो, आणि मग ४० चा उंबरठाही ४५ होतो. कमी गुणांच्या मुलाला हा दुहेरी फटका आहे. म्हणून वैधतेचा अर्ज अकरावीतच करावा. आपल्या दाखल्यावर धर्म बौद्ध आणि मूळ अनुसूचित जात यांची नोंद बरोबर आहे ना, शाळेच्या दाखल्याशी जुळते ना, हे वेळीच पाहावे. आयआयटी, एनआयटी आणि केंद्रीय विद्यापीठांसाठी केंद्र शासनाच्या नमुन्यातील दाखला वेगळा लागतो. बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती १९९० च्या कायद्याने मिळाल्या आहेत, तेव्हा तो हक्काने मागावा. उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र बारावीच्या परीक्षेआधीच काढून ठेवावे.

अर्ज भरताना मोबाइल नंबर आपला द्यावा, सायबरवाल्याचा नाही. पासवर्ड वहीत लिहावा. पर्यायांची यादी घरूनच क्रमवार लिहून न्यावी. दुकानात बसून "दादा, तुम्हाला वाटेल ते टाका" असे म्हणू नये. भरलेल्या अर्जाची प्रिंट घ्यावी आणि वहीतील यादीशी एकेक ओळ जुळवावी.

ज्यांची मुले आज इंजिनिअरिंगला किंवा पदवीला आहेत, त्यांच्यासाठी एक विनंती आहे. जूनमधला एक रविवार मोकळा ठेवा. समाजमंदिरात किंवा कोणाच्या घरी वस्तीतली बारावीची सगळी मुले, त्यांच्या गुणपत्रिका आणि सीईटीचे कागद घेऊन बसवा. तुमच्या मुलाने मोबाइलवर कट-ऑफ उघडून द्यावी आणि मोठ्यांनी वहीत रकाने पाडावेत. एका मुलाची यादी नीट करायला दोन-अडीच तास लागतात. एवढ्या वेळात पतपेढीचे एक कर्ज वाचते.